पिल्लू आणि ससा : ‘पहिल्याच दिवशी समोरासमोर सोडा’ या सल्ल्याचा प्रतिवाद

घरात ससा असताना कुत्र्याचे पिल्लू आणण्याच्या विचारात असलेल्यांपर्यंत एक संदेश हमखास पोहोचतो. त्याच्यासोबत बहुधा एक चित्रफीत असते : गालिच्यावर ससा बसला आहे आणि त्याच्या पाठीवर हनुवटी टेकून पिल्लू झोपले आहे. खालच्या मजकुराचा सारांश असा. पिल्लू दोन-अडीच महिन्यांचे असेपर्यंत त्याच्यात शिकारीची वृत्ती नसते, म्हणून पहिल्याच दिवशी दोघांना समोरासमोर सोडावे. ससा शांत बसून राहिला, तर त्याने पिल्लाला स्वीकारले असे समजावे. पिल्लाने फार त्रास दिला, तर ससाच लाथ मारून त्याला धडा शिकवील. माणसाने मध्ये पडू नये. फारच काळजी वाटत असेल, तर ससा पिंजऱ्यात ठेवून पिंजरा पिल्लाच्या खोलीत ठेवावा आणि पिल्लू भुंकले की त्याला रागवावे. लहान जातीचे पिल्लू असेल, तर एवढेही करण्याचे कारण नाही. दोघांच्या जाती वेगळ्या असल्याने एकाचा रोग दुसऱ्याला होत नाही. पंधरवडा सुरळीत गेला की मैत्री पक्की झाली, मग दोघांना मोकळे ठेवून बाहेर जायला हरकत नाही. खेळताना दात लागला आणि रक्त आले नाही, तर तिकडे लक्ष देऊ नये.

हा सल्ला देणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो आणि त्यांच्या घरी तो निभावूनही गेलेला असतो. कुत्रा आणि ससा एका छपराखाली वर्षानुवर्षे सुखाने राहू शकतात, याबद्दल वाद नाही. माझा आक्षेप निराळा आहे. या संदेशातील जवळजवळ प्रत्येक विधान पिल्लाकडे पाहून केलेले आहे. सशाचे शरीर, त्याची भीती आणि ती दाखवण्याची त्याची रीत यांचा विचार त्यात कुठेच नाही. ज्याचा जीव जाऊ शकतो, त्याच्याच बाजूने कोणी पाहिलेले नाही.

पहिल्या विधानात तथ्याचा अंश आहे, म्हणून त्याला जास्त जागा देतो. अमेरिकेतील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास पाच जातींच्या कुत्र्यांवर दीर्घकाळ संशोधन केले. पिल्लाच्या आयुष्यातील साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ ओळखी जुळण्याच्या दृष्टीने विशेष संवेदनशील असतो, ही गोष्ट त्यातून ठळकपणे पुढे आली. या काळात जे प्राणी, आवाज आणि माणसे पिल्लाच्या शांतपणे परिचयाची होतात, त्यांच्याशी ते पुढे सहजतेने वागते. पिल्लू बहुधा आठव्या आठवड्याच्या सुमारास घरी येते, म्हणजे हा काळ अर्ध्याहून अधिक सरलेला असतो, त्यामुळे ‘ओळख लवकर करून द्या’ एवढा भाग योग्य आहे.

‘पिल्लात शिकारीची वृत्ती नसते’ हे मात्र खरे नाही. कुत्र्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रेमंड कॉपिंजर यांनी शिकारीच्या वर्तनाची साखळी मांडून दाखवली : रोखून पाहणे, दबा धरणे, पाठलाग करणे, पकडणे, प्राणघातक चावा घेणे, फाडणे आणि खाणे. माणसाने वेगवेगळ्या कामांसाठी कुत्र्यांच्या जाती घडवताना या साखळीतील काही कड्या ठळक केल्या आणि काही दुबळ्या केल्या. मेंढ्या वळवणाऱ्या बॉर्डर कॉलीत रोखून पाहणे आणि दबा धरणे टोकाला गेले, रिट्रीव्हरमध्ये पकडणे टिकले पण चावा मऊ झाला, टेरियरमध्ये पकडून झटकणे तीव्र राहिले. पिल्लात ही साखळी सलग दिसत नाही, परंतु तिच्या सुट्या कड्या त्याच्या खेळात रोज दिसतात. चेंडूमागे धावणे हा पाठलागच आहे. चिंधी तोंडात धरून जोराजोरात मान झटकणारे आठ आठवड्यांचे पिल्लू पाहून घरातली माणसे कौतुकाने हसतात, आणि त्याच झटक्याने लहान प्राण्याचा कणा मोडतो. त्यासाठी पिल्लाच्या मनात द्वेष असावा लागत नाही, राग असावा लागत नाही आणि त्याला भूकही लागलेली असावी लागत नाही.

सोबत वाढलेले प्राणी एकमेकांना मारत नाहीत, असा युक्तिवाद यावर केला जातो. त्याला काही आधार आहे. चिनी मानसशास्त्रज्ञ झिंग-यांग कुओ यांनी १९३० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उंदरांच्या सोबतीने वाढलेल्या मांजराच्या पिल्लांनी आपल्या सोबत्यासारख्या उंदरांना मारले नाही. परंतु त्यांपैकी काहींनी वेगळ्या प्रकारच्या उंदरांना मारले. सोबतीने जडणारी ओळख अशी विशिष्ट असते. घरातल्या पांढऱ्या सशाशेजारी झोपणारे पिल्लू शेजाऱ्यांच्या तपकिरी सशाला ओळखीचा मानीलच असे नाही, आणि गालिच्यावर बसलेला तोच पांढरा ससा अंगणात वेगाने धावू लागला तर त्या क्षणी तो पिल्लाला ओळखीचा वाटेलच, हेही गृहीत धरता येत नाही.

याहूनही बोलके उदाहरण कळप राखणाऱ्या कुत्र्यांचे आहे. मरेम्मा, पिरेनीज, अनातोलियन यांसारख्या जातींत शिकारीची साखळी शतकानुशतकांच्या निवडीने शक्य तितकी दुबळी केलेली आहे आणि त्यांची पिल्ले अगदी कोवळ्या वयापासून मेंढ्यांमध्ये वाढवली जातात. या संदेशात सांगितलेली पद्धत याहून चांगल्या परिस्थितीत राबवणे कुणालाही शक्य नाही. तरीही ही कुत्री वयात येऊ लागली की खेळाच्या भरात कोकरांचा पाठलाग करतात, त्यांची लोकर ओढतात, कान चावतात आणि त्यात क्वचित एखादे कोकरू मरतेही. अनुभवी मेंढपाळ हे जाणून असतात आणि कुत्रा दीड-दोन वर्षांचा होईपर्यंत त्याला लहान कोकरांत देखरेखीशिवाय सोडत नाहीत. कोकरू तर सशापेक्षा सहसा जड असते.

लवकर ओळख करून द्यावी ती अंतर राखून. पहिले काही दिवस दोघांना एकमेकांचा फक्त वास मिळावा. पिल्लाच्या अंगावरून फिरवलेले फडके सशाच्या जागेच्या एका टोकाला ठेवावे. ते त्याच्या लपण्याच्या जागेत मुळीच कोंबू नये. सशाखालचे थोडे वाळलेले गवत पिल्लाला हुंगायला द्यावे. त्यानंतर जाळीच्या फाटकाच्या अलीकडे-पलीकडे, पिल्लू लीशवर (गळपट्ट्याच्या दोरीवर) आणि ससा पूर्ण मोकळा, अशी काही मिनिटांची भेट घडवावी. अंतर किती, याचे मोजमाप सोपे आहे : ससा गवत खाणे थांबवत नाही आणि पिल्लू तुमच्या हातातला खाऊ घेते, इतके. दोघांपैकी एकाने जरी खाणे थांबवले, तरी अंतर कमी पडले असे समजून मागे सरकावे. वेळेचेही भान ठेवावे लागते. ससा पहाटे आणि संध्याकाळी सर्वाधिक हालचाल करतो आणि पिल्लांनाही नेमके संध्याकाळीच उधाण येते. दुपारी ससा पेंगत असताना, खेळून दमलेल्या आणि पोटभर जेवलेल्या पिल्लाला जाळीपाशी आणले, तर निम्मे काम आपोआप होते.

‘ससा शांत बसला म्हणजे त्याने स्वीकारले’ हे विधान माझ्या मते संपूर्ण संदेशातील सर्वांत घातक आहे, कारण ते निरीक्षण अचूक करते आणि त्याचा अर्थ उलटा लावते. भुकेल्या प्राण्यांच्या नजरेत न येणे हा सशाचा पहिला बचाव आहे, आणि धोका जवळ आला की तो थिजतो. पळणे त्यानंतर येते, लाथ आणि चावा त्याहीनंतर. सशाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला मान न वळवता जवळजवळ सगळीकडचे दिसते. फक्त नाकाच्या अगदी समोरचा छोटा भाग त्याच्या नजरेतून सुटतो. पिल्लू येते ते नेमके तिथे, नाकाला नाक लावायला. बिचारा ससा त्या वेळी अक्षरशः आंधळा असतो.

थिजलेला ससा आणि निवांत ससा यांत फरक करता येतो, त्यासाठी जवळून पाहावे लागते. निवांत ससा पाय लांब सोडून पसरतो किंवा एका कुशीवर धप्पकन पडतो, त्याचे कान सैल असतात, नाक संथपणे हलत राहते आणि अधूनमधून तो तोंड धुतल्यासारखे पंजे चेहऱ्यावरून फिरवतो. थिजलेला ससा जमिनीत रुतल्यासारखा चपटा होतो, कान पाठीला घट्ट चिकटतात, डोळे मोठे होऊन कडेचा पांढरा भाग दिसू लागतो, आणि एरवी सतत थरथरणारे त्याचे नाक एकदम थांबते. छायाचित्रात दोन्ही ससे ‘गोड’ दिसतात. संदेशासोबतच्या चित्रफिती पुन्हा पाहा आणि केवळ सशाच्या नाकाकडे व कानांकडे लक्ष द्या. काही चित्रफितींतली मैत्री त्यानंतर मैत्री वाटेनाशी होईल. सशाला उताणे झोपवले की तो ‘संमोहित’ होऊन शांत पडतो, असे दाखवणाऱ्या चित्रफितीही याच जातकुळीतल्या आहेत. ती शांतता म्हणजे शिकाऱ्याच्या तावडीत सापडलेल्या प्राण्याचे निपचित पडणे असते.

या भीतीचा परिणाम मनापुरता राहत नाही. सशाचे आतडे अखंड चालू राहणाऱ्या यंत्रणेसारखे आहे : त्याला दिवसभर थोडे थोडे गवत खात राहावे लागते आणि आतड्यांची हालचाल सतत चालू राहावी लागते. ताण आला की ही हालचाल मंदावते, ससा खाणे सोडतो, खाणे सोडल्याने ती आणखी मंदावते, पोटात वायू धरतो आणि वेदनेमुळे तो अजून खात नाही. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटातले बाहेर टाकण्याची वाटही बंद असते. दहा-बारा तास ससा काही खात नसेल आणि लेंड्या पडत नसतील, तर ती पशुवैद्याकडे तातडीने नेण्याची वेळ आहे. दुसऱ्या दिवसाची वाट पाहणे म्हणजे जिवाशी खेळ. पिल्लू आल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत सशाच्या मनःस्थितीचा सर्वांत विश्वासार्ह अहवाल त्याच्या लेंड्यांत असतो. त्या नेहमीइतक्याच संख्येने, गोल आणि एकसारख्या आकाराच्या पडत असतील, तर ओळखीची गती ठीक आहे. त्या बारीक, वेड्यावाकड्या किंवा कमी झाल्या, तर पिल्लू कितीही गुणी वागत असले तरी थांबावे.

ससा लाथ मारून पिल्लाला धडा शिकवील, ही कल्पना बहुधा मांजराच्या अनुभवावरून आलेली असावी. मांजर जागा न सोडता उभे राहते, फिस्कारते, पंजा मारते, आणि पिल्लू खरोखरच काहीतरी शिकते. ससा पळतो. पळणारी वस्तू हीच पाठलागाची कळ असल्याने पिल्लू यातून शिकते ते एवढेच, की सशाजवळ गेले की मजा सुरू होते. पुढचे पाय पसरून आणि पाठ वर करून पिल्लू ‘चल खेळू या’ म्हणते, तेव्हा भावंडांना ते कळते. सशाला ते झेप घेण्याआधीचे वाकणे दिसते. शिवाय लाथेची किंमत ससाच मोजतो. सशाचा सांगाडा त्याच्या वजनाच्या मानाने फार हलका असतो आणि मागच्या पायांचे स्नायू जबर असतात. घाबरून जोरात उसळताना किंवा पकडीतून सुटण्यासाठी झटका देताना त्याच्या कमरेचा मणका त्याच्याच ताकदीने मोडू शकतो आणि मागचे पाय कायमचे लुळे पडतात. दुसऱ्या बाजूला, नसबंदी न झालेली आणि आपल्या जागेबद्दल आक्रमक असलेली सशाची मादी पिल्लाच्या डोळ्याला नखाने गंभीर इजाही करू शकते. ‘आपापसात निपटून घेतील’ यात दोघांचेही नुकसान आहे.

पिंजऱ्याबद्दलचा सल्ला काळजीपोटी दिलेला दिसतो आणि म्हणूनच तो अनेकांना पटतो. गज पिल्लाचे दात अडवतात, यात शंका नाही. त्याची नजर, त्याचे भुंकणे, गजांवर आपटणारे पंजे आणि त्याचा वास गज अडवत नाहीत. मोकळ्या खोलीतला ससा निदान पलंगाखाली पळू शकतो; पिंजऱ्यातल्या सशाला चारी बाजूंनी फिरणाऱ्या शिकाऱ्यापासून दूर जायला एक हातही जागा नसते. केवळ धसक्याने ससा दगावणे किंवा पिंजऱ्यातच धडपडून पाठ मोडून घेणे, या गोष्टी पशुवैद्यांना अपरिचित नाहीत. शिवाय पिल्लाने दिवसभर गजांशी बसून सशाकडे टक लावून पाहणे हा त्याच्यासाठी सराव असतो, तोही साखळीच्या पहिल्याच कडीचा. यालाच जर आपण ‘सवय होतेय’ म्हणत असू, तर सवय कशाची होतेय, हे विचारायला हवे.

सशाला खरे संरक्षण मिळते ते जागेतून. ब्रिटनमधील रॅबिट वेल्फेअर असोसिएशन अँड फंड ही संस्था सशांच्या जोडीसाठी किमान ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १ मीटर उंच अशी सलग, चोवीस तास उपलब्ध जागा सुचवते. घरात पिल्लू असेल, तर एवढ्या जागेचे आणखी एक कारण मिळते, कारण तेव्हा सशाला जाळीपासून किती दूर बसायचे हे स्वतः ठरवता येते. त्या जागेत लपण्यासाठी खोका असावा आणि त्याला दोन तोंडे असावीत. एकाच तोंडाचा खोका घाबरलेल्या सशासाठी आसरा नसून कोंडी असते. जाळीच्या खालच्या भागावर पहिले काही दिवस चादर टाकून नजर अडवावी आणि ती रोज थोडी थोडी सरकवावी. आणि सशाची मूळ जागा बदलू नये. पिल्लासाठी सशाला दुसऱ्या खोलीत हलवणे ही चूक पुष्कळ घरांत होते. नव्याने आलेल्याने जुळवून घ्यावे, आधीपासून राहणाऱ्याने घर सोडू नये.

रागवण्याविषयी थोडक्यात. पिल्लू सशाकडे पाहून भुंकले की त्याच्यावर ओरडले, पाण्याचा फवारा मारला किंवा वर्तमानपत्र आपटले, तर पहिला दचकतो तो ससा. पिल्लू शिकते ते असे की ससा दिसला की काहीतरी वाईट घडते, आणि ते सशाकडे अधिकच ताणलेल्या मनाने पाहू लागते. याउलट सशावरून नजर काढून मालकाकडे वळवल्याच्या प्रत्येक क्षणाला खाऊ मिळाला, तर काही दिवसांत ससा दिसताच ते आपणहून मालकाकडे पाहू लागते. हे शिकवण्यासाठी फार कौशल्य लागत नाही, चिकाटी लागते. ‘सोड’ आणि ‘बस’ हे दोन शब्द सशाच्या अनुपस्थितीत पक्के झाल्याखेरीज त्यांचा सशासमोर उपयोग होत नाही, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

लहान जातीच्या कुत्र्यांना सूट देणारे विधान तर उलट्या टोकाला गेलेले आहे. डॅक्सहुंड जातीतला सर्वांत छोटा आकार सशांच्या बिळात शिरता यावे म्हणूनच घडवला गेला. बीगल ससे आणि त्यांच्या रानटी भाईबंदांच्या मागावर धावण्यासाठी पैदास केलेला कुत्रा आहे, आणि बहुतेक छोटे टेरियर बिळातल्या प्राण्यांसाठी. उलट कित्येक थोराड कुत्री सशासमोर आळसावून पडून राहतात. तरीही जातीवरून हमी देता येत नाही. जात कळली की कुठल्या कडीकडे जास्त लक्ष ठेवायचे एवढे कळते. थोराड पिल्लाच्या बाबतीत वेगळा धोका असतो : प्रेमाने ठेवलेला पंजाही सशाच्या पाठीला पेलवत नाही.

रोगांबद्दलचे विधान ढोबळमानाने पाहिले तर बरेचसे बरोबर आहे, कारण दोघांचे बहुतेक संसर्ग आपापल्या जातीपुरते असतात. परंतु पिसवा जात पाहत नाहीत. पिल्लाच्या अंगावरच्या पिसवा सशावर जातात, आणि सशांना होणारा मिक्सोमॅटोसिस हा जीवघेणा रोग पसरवण्यात डासांप्रमाणेच पिसवांचाही हात असतो. त्याहून तातडीची गोष्ट औषधाची आहे. पिल्लाच्या मानेवर सोडायच्या पिसवांच्या काही औषधांत फिप्रोनिल असते आणि ते सशासाठी विषारी आहे. ते सशाला कधीही लावू नये, आणि पिल्लाला लावल्यावर औषध पूर्ण सुके व मुरेपर्यंत ससा त्याचे अंग चाटणार नाही, याची काळजी घ्यावी. पिल्लासाठी औषध घेतानाच घरात ससा आहे असे पशुवैद्याला सांगितले, तर तो वेगळे औषध सुचवू शकतो. कुत्र्याच्या विष्ठेतून पडणारी एका फीतकृमीची अंडी गवतावाटे सशाच्या पोटात गेली, तर त्याच्या उदरात गाठी होतात, म्हणून पिल्लाला वेळेवर जंतनाशक द्यावे आणि कुत्री जिथे शौचाला बसतात तिथले गवत सशाला घालू नये. उलट दिशेने एक गमतीचा घोळ होतो. पिल्ले सशाच्या लेंड्या आवडीने खातात, आणि मग पिल्लाच्या शौचाच्या तपासणीत सशाच्या आतड्यातले परजीवी दिसतात, जे पिल्लाला बाधत नाहीत आणि नुसते त्याच्या पोटातून प्रवास करून बाहेर पडलेले असतात. घरातल्या सशाचा उल्लेख न केल्यामुळे पिल्लाला अनावश्यक औषध सुरू होऊ शकते.

आता पंधरवड्याच्या हिशेबाकडे येऊ. दोन महिन्यांचे पिल्लू दिवसातले अठरा-वीस तास झोपते. त्याने पंधरा दिवस सशाला त्रास दिला नाही, यात त्याच्या झोपेचा वाटा मोठा आहे. कुत्रा सहा महिन्यांच्या आसपास वयात येऊ लागतो आणि पुढे वर्षभर, मोठ्या जातींत त्याहून अधिक काळ, त्याचे वागणे बदलत राहते. दुधाचे २८ दात जाऊन ४२ पक्के दात आलेले असतात, ताकद वाढलेली असते, ऐकलेले न ऐकल्यासारखे करण्याची वृत्ती बळावलेली असते. पिल्लूपणी केलेली ओळख या काळात पुन्हा तपासावी लागते, म्हणजे काही आठवडे लीश आणि जाळी यांच्याकडे परत जावे लागते. पंधरवड्यानंतर सगळे सुरळीत आहे म्हणून जाळी गुंडाळून माळ्यावर टाकणारी माणसे ती नेमकी पाच महिन्यांनी शोधू लागतात.

या वयात सशाकडे पाहण्याइतकेच कुत्र्याकडेही पाहावे. खेळाच्या मनःस्थितीत त्याचे अंग सैल असते, तोंड उघडे असते, शेपटी आणि कंबर दोन्ही हलतात, हाक मारली की तो वळतो. शिकारीच्या मनःस्थितीत तो एकदम गप्प होतो. धापा टाकणारे तोंड मिटते, श्वास रोखल्यासारखा वाटतो, शेपटी ताठ होते, एक पुढचा पाय उचलून तो तसाच अधांतरी धरतो आणि नजर सशावरून हटत नाही. भुंकणाऱ्या पिल्लाला लोक दूर नेतात आणि अशा गप्प पिल्लाचे ‘बघा किती शहाणा झालाय’ म्हणून कौतुक करतात. खरे तर त्याच क्षणी, आरडाओरडा न करता, लीशने त्याला वळवून खोलीबाहेर न्यायला हवे. काही आठवड्यांच्या प्रामाणिक प्रयत्नानंतरही ही नजर निवळत नसेल, तर ससा आणि कुत्रा यांना कायम वेगळ्या खोल्यांत ठेवून दोघांनाही पुरेसा वेळ देणे हाच मार्ग मी सुचवीन. अशी घरे आहेत आणि तिथले दोन्ही प्राणी आनंदात असतात. चित्रफीत काढता येत नाही, एवढाच तोटा.

ज्यांचे चांगले जमले आहे, त्यांनाही दोघांना एकटे ठेवून बाहेर जाण्याची मुभा मी देणार नाही. ससा नीट सांभाळला तर आठ ते बारा वर्षे जगतो. एवढ्या काळात दारावरची घंटा वाजून दोघे एकदम उसळण्याचे, ससा आनंदाने हवेत गिरकी घेऊन धावू लागण्याचे, पिल्लाचे आवडते हाड सशाच्या वाटेत पडलेले असण्याचे प्रसंग असंख्य वेळा येतात. माणूस जवळ असेल तर तो एका हाकेत सावरतो. माणूस बाहेर असताना दोघांमध्ये दोन अडथळे असावेत, म्हणजे सशाची जाळी बंद आणि त्या खोलीचे दारही बंद; एक कडी लावायची विसरली तर दुसरी असते.

राहिला रक्ताचा मुद्दा. सशाची लव इतकी दाट असते की पिल्लाच्या सुईसारख्या दुधाच्या दाताने पडलेले छिद्र वरून दिसत नाही आणि त्यातून रक्तही फारसे येत नाही. कातडी लगेच मिटते आणि तोंडातले जिवाणू आत राहतात. सशाचा पू घट्ट, दह्याच्या कवडीसारखा असतो, तो आपोआप वाहून जात नाही, आणि अशा गाठीवर पुढे शस्त्रक्रियाच करावी लागते. म्हणून तोंडात पकड बसली असेल, अगदी क्षणभर, तरी लव बोटांनी विलग करून कातडी तपासावी, विशेषतः मान, पाठ आणि कमरेच्या बाजू, आणि काही दिसले नाही तरी सशाला त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. तोवर त्याला अंधाऱ्या, शांत जागी ठेवावे, समोर ताजे गवत ठेवावे, मागचे दोन्ही पाय तो नीट टाकतो आहे का हे पाहावे, आणि त्याने शेवटचे कधी खाल्ले व शेवटची लेंडी कधी पडली याची वेळ लिहून ठेवावी. पशुवैद्य पहिल्यांदा तेच विचारतो.